सहा वर्षांची लेक, सहा गोल आणि न पाहिलेला सातवा

२०२२ च्या भाऊबीजेला दादाने ओवाळणीच्या तबकात पाकीट टाकले नाही, तर मोबाइल पुढे करून त्यावरची तीन तिकिटे दाखवली. १७ वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना चारच दिवसांनी, रविवारी ३० ऑक्टोबरला, नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होणार होता, आणि त्याच मैदानावर त्याआधी तिसऱ्या क्रमांकाची लढतही होती. तिकिटे दादाचे, माझे आणि माझ्या सहा वर्षांच्या लेकीचे अशी होती. तोवर तिच्या लेखी फुटबॉल म्हणजे ठाण्यात आमच्या नौपाड्यातल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मोठी मुले जे खेळतात आणि ज्यात चेंडू स्कूटरखाली गेला की तिला बोलावले जाते, तेवढेच होते.

भारताच्या मुली या स्पर्धेत यजमान म्हणून खेळल्या होत्या, परंतु भुवनेश्वरला अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील या तिघींकडून हरून त्या गटातच बाद झाल्या होत्या. त्यामुळे नेरूळला आपले कोणी असणार नव्हते. लहान मुलाला पहिल्यांदा सामना दाखवायचा असेल तर ही गोष्ट मला नंतर सोयीचीच वाटली, कारण आपला संघ खेळत असला की पालकांचे लक्ष मुलाकडे राहत नाही आणि हरला तर परतीचा प्रवास सगळ्यांनाच जड जातो.

तयारीसाठी तीन दिवस मिळाले. घराच्या पॅसेजमध्ये दोन चपला ठेवून गोल केला आणि तिला तीनच गोष्टी शिकवल्या: चेंडू रेषेपलीकडे पूर्ण गेला तरच गोल, हात फक्त गोलरक्षकाने लावायचा, शिट्टी वाजली की थांबायचे. ऑफसाइडच्या किचकट नियमाच्या वाटेला मी गेले नाही आणि कोणीही जाऊ नये. एवढे करूनही माझी शिकवणी अपुरी निघाली, हे सामन्याच्या पहिल्या थ्रो-इनलाच, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू हातांनी आत फेकतात तेव्हाच, कळले. सीमारेषेवरच्या मुलीने दोन्ही हातांनी चेंडू डोक्यावर उचलताच आमच्याकडून तक्रार आली, “आई, तिने हात लावला!”

ठाण्याहून जाणाऱ्यांसाठी लोकलसारखे दुसरे साधन नाही. ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गाच्या गाड्या ठाणे स्थानकात नऊ आणि दहा क्रमांकाच्या फलाटांवरून सुटतात, आणि नेरूळला पोहोचायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. गाडी नेरूळ किंवा पनवेलची आहे ना, एवढे मात्र डब्यात पाय ठेवण्यापूर्वी पाहावे, कारण वाशीची गाडी तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते आणि मग पूल चढून गाडी बदलणे आले. एकट्या माणसाला ती दहा मिनिटांची गैरसोय असते, हात धरलेल्या मुलासह तीच अर्ध्या तासाची होते. मोठे सामने बहुधा रविवारी असतात आणि रविवारीच मेगाब्लॉकही असतो, तेव्हा आदल्या दिवशी मध्य रेल्वेचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय निघण्याची वेळ ठरवू नये.

नेरूळला पूर्वेकडे उतरावे. तिथून स्टेडियम मोठ्या माणसाच्या चालीने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. जाताना आम्ही रिक्षा केली, ती योग्यच होती, कारण मुलाच्या पायांतली शक्ती स्टेडियममधल्या पायऱ्यांसाठी राखून ठेवावी लागते. दादा सीवूड्सला राहतो, तो आम्हाला स्थानकाबाहेर भेटला. त्याने पहिले काम केले ते म्हणजे बॉलपेनने भाचीच्या मनगटावर माझा फोन नंबर लिहिला. मला ते अतिसावधपणाचे वाटले होते, पण आत शिरताना गर्दीने दोनदा तिचा हात माझ्या हातातून सुटता सुटता राहिला, तेव्हा दादाला मनातल्या मनात शाबासकी दिली.

दिवाळीचा फराळ अजून संपला नव्हता, म्हणून मी चकल्यांचा स्टीलचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन निघाले होते. अशा सामन्यांना डबे, बाटल्या, छत्र्या, पॉवर बँक, कधी कधी सुटी नाणीसुद्धा आत नेऊ देत नाहीत, हे तिकिटासोबतच्या सूचनांमध्ये लिहिलेले असते, आणि मी ते वाचले नव्हते. रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका काकूंनी डबा पाहून मान हलवली, तेव्हा आम्ही रांग सोडली. तिघेही पदपथाच्या कडेला बसलो आणि त्या चकल्या पाच मिनिटांत संपवल्या. लेकीच्या फ्रॉकवर तिखटाचा तेलकट डाग पडला, तो आजही आहे. रिकामा डबा दादाने रस्त्यापलीकडच्या चहावाल्याकडे ठेवला. तेव्हा जाणाऱ्यांनी मुलाला निघण्याआधी पोटभर जेवू घालावे, हातात शक्य तितके कमी सामान ठेवावे, आणि औषध किंवा अगदी लहान बाळाचे दूध न्यायचेच असेल तर त्याबद्दल आधी चौकशी करावी. लहान मुलालाही स्वतंत्र तिकीट लागते का, हे त्या त्या सामन्याच्या नियमांत पाहून घ्यावे. मांडीवर घेऊन बसू, असे गृहीत धरू नये.

हे मैदान मुळात क्रिकेटचे आहे. २००८ मध्ये ते सुरू झाले आणि त्याच वर्षी पहिल्या आयपीएलचा अंतिम सामना इथे झाला. क्रिकेटच्या गोल मैदानाच्या मधोमध फुटबॉलचा आयत आखला की चारही बाजूंना हिरवळीची मोठी पट्टी रिकामी उरते आणि प्रेक्षक खेळापासून लांब पडतात. तिकीट काढताना खालच्या रांगा जवळच्या वाटतात, पण तिथून सगळ्या खेळाडू एका सपाट रेषेत दिसतात आणि पुढचा माणूस उभा राहिला की मुलाला काहीच दिसत नाही. गोलच्या मागे नव्हे, तर लांबीच्या बाजूला, मधल्या उंचीवर जागा घ्यावी. या स्टेडियमचे छप्पर पुढे झेपावलेले असून त्याला मध्ये खांब नाहीत, म्हणून वरून दृश्य अडत नाही. सामना दुपारी सुरू होणारा असेल तर पश्चिमेकडे पाठ येईल अशी बाजू पाहावी, कारण ऑक्टोबरमधले साडेचारचे ऊन समोरून आले की मूल मैदानाकडे न बघता आईच्या ओढणीत तोंड लपवते. आमची जागा दादाने पाहून घेतली होती. आमच्या समोरच्या बाजूचे लोक मात्र पूर्ण पूर्वार्ध कपाळावर हात धरून बसले होते.

साडेचारच्या त्या सामन्यात, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत, नायजेरिया आणि जर्मनी होत्या. स्टेडियमचा बराच भाग रिकामा होता आणि हाच आमचा सर्वांत मोठा फायदा ठरला. लेकीला खुर्चीवर उभे राहता आले, शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर चप्पल काढून ठेवता आली, तीनदा जागा बदलता आली. ती पहिली दहा मिनिटे खेळ बघतच नव्हती. गोलरक्षकाचा शर्ट वेगळ्या रंगाचा का, कोपऱ्यातला झेंडा कोणाचा, काळ्या कपड्यांतल्या बाईंकडेच शिट्टी का, असे प्रश्न ती विचारत होती आणि दादा प्रत्येकाचे उत्तर इतक्या गांभीर्याने देत होता, की मागच्या रांगेतले आजोबाही ऐकू लागले. गोलरक्षकाला हात लावायची मुभा असते, म्हणून ती लांबूनही ओळखू यावी यासाठी तिचा रंग वेगळा असतो, हे तिला फार पटले. “म्हणजे आमच्या मॉनिटरचा बिल्ला,” असे म्हणून तिने तो विषय मिटवला.

मग तिने विचारले, “या ताया कितवीत आहेत?” मी म्हटले, साधारण दहावी ते बारावीत असतील. त्या क्षणापासून तिचे बघणे बदलले. आमच्या इमारतीतली दहावीची ताई तिला ठाऊक आहे. ती क्लासला जाते, भांडते, तिला सायकलवर पुढे बसवते. तेवढ्याच वयाची मुलगी पन्नास पावले धावत जाऊन दुसरीच्या पायातून चेंडू काढून घेते, पडते, गुडघ्यावरची माती झटकते आणि न रडता उठते, हे ती श्वास रोखून बघत होती. पुरुषांचा सामना आधी पाहिला असता तर हे झाले नसते, असे माझे मत आहे. ज्यांच्या घरी मुली आहेत त्यांनी संधी मिळाल्यास पहिला सामना मुलींचाच दाखवावा, आणि ज्यांच्या घरी मुलगे आहेत त्यांनीही.

खेळही असा झाला की नियम कळण्याची गरजच उरली नाही. नायजेरियाने तीन गोल करून सामना जवळजवळ खिशात घातला होता. लेकीने नायजेरियाची बाजू घेतली होती, कारण पहिला गोल त्यांनी केला आणि तिच्या मते पहिला नंबर तोच पहिला नंबर. मग उत्तरार्धाच्या शेवटच्या टप्प्यात जर्मनीने एक, दोन आणि अगदी शेवटी तिसरा गोल केला. ३-३. तिने मला अत्यंत दुखावलेल्या स्वरात विचारले, “असं चालतं?” पुढे जादा वेळ न खेळवता थेट पेनल्टी शूटआउट झाले. लहान मुलाला फुटबॉल समजावण्यासाठी त्याहून सोपी गोष्ट नाही: एक मारणारी, एक अडवणारी, बाकी सगळे गप्प. तिने उजव्या हाताच्या बोटांवर नायजेरिया आणि डाव्या हाताच्या बोटांवर जर्मनी मोजली. नायजेरियाने ३-२ ने बाजी मारली, तेव्हा ती तीन आणि दोन बोटे तशीच उंचावून उभी होती.

आम्ही तेव्हाच निघायला हवे होते. पण अंतिम सामना रात्री आठ वाजता होता, तो हातात तिकीट असताना कसा सोडायचा, या माझ्या मोहापायी आम्ही थांबलो आणि मधला सुमारे दीड तास एका सहा वर्षांच्या मुलीला खुर्चीत गुंतवून ठेवण्याचे काम दादावर पडले. फलकांवरच्या इभा नावाच्या सिंहिणीच्या, म्हणजे स्पर्धेच्या शुभंकराच्या, गोष्टी रचून त्याने पाऊण तास काढला. उरलेला वेळ खाण्याच्या आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला. मध्यंतराची शिट्टी वाजली की सगळे स्टेडियम एकदम उठते, तेव्हा मुलाला पूर्वार्ध संपायला पाच मिनिटे असतानाच स्वच्छतागृहात नेऊन आणावे. त्यात एखादा गोल हुकला तरी चालेल.

अंतिम सामना कोलंबिया आणि गतविजेत्या स्पेन यांच्यात होता. गर्दी वाढली, ढोल वाजू लागले, दिव्यांच्या झोतात हिरवळ कागदासारखी चकचकीत दिसू लागली, आणि मला आता खरा सामना सुरू झाला असे वाटत असतानाच लेकीने दोन्ही कानांवर हात ठेवले. आवाजाचा विचार मी केलाच नव्हता. कानांवर बसवायचे मुलांचे आवाजरोधक मिळतात, ते नसतील तर कानटोपी तरी न्यावी, भले ऑक्टोबर असो. शिवाय या सामन्यात बराच काळ गोलच होईना. लिंडा कैसेदो ही कोलंबियाची मुलगी मोठ्यांच्या राष्ट्रीय संघातूनही खेळते, तिच्या पायात चेंडू आला की लोक उभे राहत होते आणि आमच्या मुलीला दिसत होत्या त्या फक्त उभ्या राहिलेल्या लोकांच्या पाठी. दुपारच्या सामन्याची तिकिटे जर कोणी दुय्यम समजून सोडून देत असेल, तर मुलासाठी नेमकी तीच घ्यावीत.

उत्तरार्धात ती दादाच्या खांद्यावर झोपली. थोडा वेळ मी उगाच रेंगाळले. मग दादाच म्हणाला, “चल, सामना संपला की रिक्षा मिळायची नाही.” दहा-बारा मिनिटे शिल्लक असताना बाहेर पडलो, डबा घेतला आणि महामार्गालगतच्या रस्त्याने स्थानकाच्या दिशेने चालू लागलो. इतकेच अंतर गेलो असू की मागून स्टेडियमची गर्जना आली, आणि तिच्यामागोमाग एक लांबलेला हुंकारही. ८२ व्या मिनिटाला कोलंबियाच्याच एका बचावपटूकडून चेंडू स्वतःच्या जाळ्यात गेला होता आणि त्या एका गोलावर स्पेनने विश्वचषक राखला. रस्त्यात थांबवलेल्या रिक्षावाल्याने आम्हाला विचारले, कोणी मारला? आम्ही दोघेही मागे बघत राहिलो.

परतीसाठी एवढे सांगते की एक तर शेवटच्या शिट्टीच्या दहा मिनिटे आधी निघावे किंवा संपल्यावर अर्धा तास जागेवरच बसून राहावे. दोन्हींच्या मधल्या वेळेत मुलाला घेऊन त्या दारांतून बाहेर पडू नये. परतीच्या ठाणे लोकलची वेळ जातानाच टिपून ठेवावी, कारण रात्री गाड्यांमधले अंतर वाढते. डी. वाय. पाटीलवर फुटबॉल नेहमी नसतो. मुंबई सिटी या फुटबॉल संघाने सुरुवातीचे दोन हंगाम इथे खेळून २०१६ मध्ये आपले घर अंधेरीच्या क्रीडा संकुलात हलवले. ठाण्याहून तिथे जायचे तर घाटकोपरला उतरून मेट्रोने आझाद नगर गाठावे. ते मैदान बरेच लहान आहे आणि प्रेक्षक खेळाच्या पुष्कळ जवळ बसतात, त्यामुळे नेरूळला मोठा सामना येण्याची वाट पाहण्यापेक्षा अनेकांना ते सोयीचे पडेल.

नेरूळच्या फलाटावर दादाने तिला माझ्या खांद्यावर दिले, तेव्हा ती क्षणभर जागी झाली.

“कोण जिंकलं?”

“स्पेन,” दादा म्हणाला.

“आणि आपली नायजेरिया?”

“ती तर केव्हाच जिंकली.”

तिने मूठ उघडून तीन बोटे पाहिली, पुन्हा मिटली, आणि ठाणे येईपर्यंत उठली नाही.