सूतभर डावीकडे

आमच्याकडे एक खणांचं कपाट आहे. सागवानी, कमरेएवढं, एकाखाली एक चार खण, प्रत्येक खणाला दोन मुठी. म्हणजे हिशेबाने आठ. प्रत्यक्षात कित्येक वर्षं पाचच होत्या. एक भावाने लहानपणी भोवरा करायला काढली, एक घर बदलताना टेम्पोत राहिली आणि तिसरीचं काय झालं यावर घरात अजून एकमत नाही. सगळ्यात वरच्या खणाला तर एकही उरली नव्हती. आई त्याच्या वरच्या कडेत बोटं घालून तो ओढते. तिथे आता बोटांच्या मापाची गुळगुळीत खाच पडली आहे.

दिवाळीच्या आवराआवरीत मी मनावर घेतलं. भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या बाजूला हार्डवेअरचं एक दुकान आहे, तिथून आठ पितळी मुठी आणल्या. दुकानदाराने आधी जयपूरच्या, निळ्या फुलांच्या चिनी मातीच्या दाखवल्या. सुंदर होत्या, पण आमच्या कपाटावर त्या सदऱ्याला लावलेल्या फ्रॉकच्या बटणांसारख्या दिसल्या असत्या. पितळ बरं.

मिस्त्रीला बोलवायचं नाही, हे आधीच ठरलं होतं. त्याला इतिहास आहे. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या करून घेतल्या तेव्हा दुकानातून ‘चार इंची’ म्हणून हँडलं आणली होती. मिस्त्रीने इमानेइतबारे चार इंचांवर दोन भोकं पाडली आणि हँडल काही बसेना. त्या चार इंचीच्या दोन स्क्रूंमधलं अंतर निघालं ९६ मिलिमीटर, आणि चार इंच म्हणजे होतात १०१.६. कारखान्यातल्या फर्निचरचा बराचसा हिशेब ३२ मिलिमीटरच्या पटीत चालतो, म्हणून हँडलंही ६४, ९६, १२८, १६० अशी येतात. दुकानदार बोलतो इंचात, मिस्त्री मोजतो सुतात, आणि हँडल आपलं मिलिमीटरमध्ये गप्प बसलेलं असतं. त्या पहिल्या ट्रॉलीवरचं जादाचं भोक मेणाने बुजवलंय. बायको रोज त्याच्याकडे एकदा बघते आणि मग कुकर लावते. बोलत काही नाही.

तर हे काम मीच करायचं. एकेक मूठ म्हणजे एकच स्क्रू, एकच भोक. त्यात काय मोठं?

जुन्या मुठी कातीव लाकडाच्या, चांगल्या बेसनाच्या लाडवाएवढ्या होत्या, आणि त्यांची भोकं बोट जाईल एवढी. ती लाकडाच्या खुंट्या आणि फेविकॉल घालून बुजवली, रात्रभर वाळू दिली. सकाळी टेप लावून जुन्या जागा मोजायला बसलो आणि एक गौप्यस्फोट झाला. डावीकडची भोकं कडेपासून सात इंचांवर, उजवीकडचीही सात इंचांवर, फक्त तिसऱ्या खणातलं उजवं भोक सात इंच दोन सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे ती मूठ पाव इंच सरकलेली. आजोबांनी दारात बसवून करवून घेतलेलं हे कपाट. सुताराच्या डोक्यावर आजोबा बसलेले असणार, आणि तरीही त्याची ही चूक सगळ्या खानदानाच्या नजरेतून सुटली. लाडवाएवढ्या मुठीखाली पाव इंच खपून जातो. माझ्या नव्या मुठी इंचभराच्या, त्यांच्या आड लपायला जागाच नव्हती.

मग मी प्रत्येक खणाचं माप वेगळं घेऊन खुणा केल्या. गुण्या लावून, पेन्सिलीला टोक काढून. उभं राहून पाहिलं तर आठ खुणांची रांग दारू पिऊन घरी चाललेली.

कारण कळायला अर्धा तास गेला. खण एका मापाचे नाहीत. कुणी सूतभर रुंद, कुणी सूतभर अरुंद. शिवाय खालच्या लाकडी पट्ट्या झिजल्यामुळे खण आत ढकलताना कधी डावीकडे बसतो, कधी उजवीकडे. प्रत्येक मूठ आपापल्या खणात अगदी बरोबर होती, आणि आठही जणी मिळून चूक. डोळा कडेपासूनचं अंतर मोजत नाही. तो वरच्या मुठीवरून खालच्या मुठीवर उतरतो आणि वाटेत कुठे पाय अडखळला तेवढंच बघतो. तेव्हा खणाशी नातं तोडून शेजारणीशी जोडायचं. पत्त्यांच्या जुन्या कॅटमधली पानं घेतली, प्रत्येक खणाच्या दोन्ही बाजूंच्या फटीत सारखी सरकवली आणि चारही खण मधोमध आणून बसवले. एका ठिकाणी बदामची राणी अडकली, ती अजून आत आहे.

आता सरळ रेघ हवी. माझ्यातला हुशार माणूस म्हणाला, ओळंबा सोड. दोऱ्याला किल्ली बांधून वरून सोडली. दोरा अगदी सरळ लोंबला आणि कपाट तिरकं निघालं! आमच्या फरशीला गॅलरीकडे उतार आहे, कपाट त्या उतारावर वर्षानुवर्षं झुकून उभं आहे. ओळंबा पृथ्वीशी इमान राखतो, त्याला आमच्या फरशीशी काय देणंघेणं. त्याच्या रेघेवर मुठी लावल्या असत्या तर खऱ्या अर्थाने त्याच सरळ असत्या आणि दिसल्या असत्या वाकड्या. किल्ली सोडवून ठेवली. कपाटाची कडच प्रमाण मानायची.

इथे अडलो होतो तेव्हा तिसऱ्या खणातून रिकाम्या केलेल्या पसाऱ्यात आईचा ठिपक्यांचा कागद दिसला. रांगोळीचा. जाड कागदावर इंचाइंचावर खुणा करून उदबत्तीने भाजून पाडलेली भोकं, कडा तपकिरी झालेल्या. अंगणात कागद पसरायचा, वरून रांगोळी फिरवायची, कागद उचलला की पंधरा गुणिले पंधरा ठिपके उभे. सुतारकामात याला फर्मा म्हणतात आणि परदेशात प्लॅस्टिकचे विकत मिळतात. आमच्या घरी तो खणातच पडून होता, खणांवरच्या भोकांसाठी मी डोकं फोडत असताना.

आईचा कागद घ्यायची हिंमत नव्हती. जुन्या कालनिर्णयाची मार्च आणि एप्रिल ही दोन पानं जोडून कपाटाच्या उंचीची पट्टी केली. चार खणांची चार भोकं. पट्टी डाव्या कडेला लावून खुणा केल्या, मग तीच उलटी करून उजव्या कडेला. यात गंमत अशी की पट्टीवर चूक झाली असली तरी ती दोन्हीकडे सारखीच उतरते, आणि दोन्हीकडे सारखी असली की लोक तिला नक्षी म्हणतात.

भोकं पाडण्याबद्दल फार सांगत नाही. आधी खिळ्याने बारीक खळगा पाडायचा, नाहीतर गुळगुळीत सागवानावर बिट घसरतं. मग दोन मिलिमीटरचं बिट, मग पाचचं. आतून लाकडाचा ठोकळा दाबून धरायचा, नाहीतर मागच्या बाजूच्या ढलप्या उडतात. स्क्रू चार मिलिमीटरचा आणि भोक पाचचं, म्हणजे चारी बाजूंनी अर्धा मिलिमीटर सरकायची मुभा. त्या अर्ध्या मिलिमीटरच्या भरवशावर माझं सगळं चाललं होतं.

मुठी लागल्या. जमिनीवर बसून पाहिलं, अप्रतिम. उभा राहिलो तर तळातल्या दोन मुठी खाली घसरल्यासारख्या. पुन्हा बसलो, बरोबर. उभा राहिलो, घसरल्या. मूठ इंचभर पुढे आलेली असते ना, वरून पाहिलं की तिच्या मागचा नाही, तिच्या खालचा भाग झाकला जातो. खण जितका खाली तितकी ती अजून खाली वाटते. त्यातून बरोब्बर मध्य डोळ्याला तसाही किंचित खालीच भासतो. तसबिरीला पुठ्ठा लावणारे उगीच नाही खालची पट्टी जरा रुंद ठेवत. हे आधी आठवायला हवं होतं. तळातल्या दोन मुठी दोन सूत वर घेतल्या, म्हणजे परत खुंट्या, फेविकॉल आणि एक रात्र.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईला बोलावलं. ती चष्मा लावून आली आणि मेथीच्या जुडीसकट समोरच्या खुर्चीवर बसली. बराच वेळ बघितलं. ही बाई आरशाशिवाय टिकली लावते आणि ती दोन भुवयांच्या मधोमध बसते, त्यामुळे मला थोडी धास्ती होती.

“दुसऱ्या खणाची डावी बघ,” ती म्हणाली. “सूतभर डावीकडे आहे.”

पट्टी आणली, मोजलं. अर्धा मिलिमीटर. स्क्रू सैल केला, मूठ सरकवली, पुन्हा आवळली. आईने मान डोलावली.

“छान झालं हो. आता चष्म्याचं घर दे,” ती म्हणाली, मग “राहू दे, मीच घेते” म्हणून उठली, दोन चकचकीत पितळी मुठींच्या मधून हात नेला, वरच्या कडेच्या खाचेत बोटं घातली आणि खण ओढला.