बर्लिनची रात्र ज्या जमिनीवर उभी आहे

बर्लिनच्या क्लबांचा विषय निघाला की बोलणे बहुधा बर्गहाइन या टेक्नो संगीताच्या क्लबच्या दारापाशी जाऊन अडते. लांबलचक रांग, काळे कपडे घालून आलेली तरुण मंडळी आणि कोणाला आत सोडायचे ते ठरवणारा स्वेन मार्क्वार्ट, एवढ्यावर चर्चा संपते. या शहरात राहू लागल्यापासून मला मात्र त्या दारापेक्षा त्याखालची जमीन अधिक महत्त्वाची वाटू लागली आहे. ती इमारत पूर्वी कशासाठी होती, आज तिचा मालक कोण आहे, शेजारी कोण राहायला येणार आहे, या प्रश्नांवरच इथले संगीत जगते किंवा बंद पडते.

रात्रभर जागण्याची मुभा या शहराला १९४९ मध्ये मिळाली. युद्धानंतर शहराचे विभाग पडले होते आणि पूर्वेकडचे व पश्चिमेकडचे उपाहारगृहवाले एकमेकांपेक्षा उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवण्याच्या चढाओढीत होते. हाइन्झ त्सेलरमायर नावाच्या हॉटेलमालकाने अमेरिकी लष्करी अधिकारी फ्रँक हाउली यांची भेट घेऊन बंद करण्याची सक्तीची वेळच काढून टाकावी, असे त्यांना पटवले. त्या भेटीला ते व्हिस्कीची बाटली घेऊन गेले होते, अशी आठवण आजही सांगितली जाते. महासाथीच्या काळातील निर्बंध सोडले, तर ती मुभा तेव्हापासून टिकून आहे.

परंतु ज्या क्लबांमुळे आज जग बर्लिनला ओळखते, ते ९ नोव्हेंबर १९८९ नंतरचे. भिंत पडली आणि पूर्व बर्लिनमधील कारखाने, गोदामे, वीजकेंद्रे, तसेच भिंतीलगतच्या पट्ट्यातील पडक्या वास्तू अचानक बेवारस झाल्या. त्यांची मालकी कोणाची, हे ठरायलाच वर्षे जाणार होती. लाइपत्सिगर श्ट्रासेवर युद्धापूर्वी वेर्टहाइम हे भव्य दुकान होते. ज्यू कुटुंबाच्या मालकीचे हे दुकान नाझी राजवटीने त्या कुटुंबाकडून हिरावून घेतले आणि पुढे बॉम्बवर्षावात त्याची वाताहत झाली. जमिनीखालची त्याची तिजोरीची दालने मात्र शाबूत राहिली. डिमित्री हेगेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती सापडली आणि गंजलेले लोखंडी खण, जाड भिंती व ठेंगणे छत असलेल्या त्या तळघरात मार्च १९९१ मध्ये ‘ट्रेझोर’ हा क्लब सुरू झाला. तिथे वाजले ते संगीत मुख्यतः अमेरिकेतील डेट्रॉइटचे होते. मोटार उद्योग ओसरलेल्या त्या शहरात कृष्णवर्णीय तरुणांनी १९८०च्या दशकात यंत्रांवर घडवलेले टेक्नो हे नृत्यसंगीत बर्लिनच्या ओस पडलेल्या तळघरात आपलेसे झाले, आणि जेफ मिल्ससारख्या कलाकारांच्या तबकड्या ट्रेझोरनेच प्रसिद्ध केल्या. दोन वेगळ्या राज्यव्यवस्थांत वाढलेली मुले त्या अंधारात एकत्र नाचली. शहराचे एकीकरण कागदावरच्या करारांइतकेच या तळघरांतही घडले, असे मी मनापासून मानतो.

२००५ मध्ये ट्रेझोरला ती जागा सोडावी लागली. दोन वर्षांनी तो क्योपेनिकर श्ट्रासेवरील एका जुन्या औष्णिक केंद्रात पुन्हा उघडला. मूळ परिसरात आज दुकाने आणि कचेऱ्या आहेत.

बर्गहाइनही २००४ पासून एका जुन्या वीजकेंद्रातच आहे. शनिवारी रात्री सुरू झालेले तिथले नृत्य सोमवारी सकाळपर्यंत चालते आणि आत शिरताना मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली जाते. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हा नियम विचित्र वाटतो, पण त्याचे मूळ समजून घेतले पाहिजे. हा क्लब समलिंगी पुरुषांच्या मेळाव्यांतून उभा राहिला आहे. उद्या आपले छायाचित्र कोणाच्या हाती पडेल ही भीती नसेल, तरच माणूस मोकळेपणाने नाचू शकतो. रविवारी दुपारी तिथे पिकल्या केसांची माणसे आपल्याच तंद्रीत नाचताना मी पाहतो, तेव्हा त्या चिकटपट्टीची किंमत मला कळते. क्रॉइत्सबेर्गमधील ‘एसओ ३६’ या जुन्या सभागृहात १९९०च्या दशकापासून होणाऱ्या ‘गेहाने’ मेळाव्यात तुर्की आणि अरबी गाण्यांवर हाच मोकळेपणा अनुभवता येतो. स्थलांतरित म्हणून इथे राहणाऱ्या माझ्यासारख्याला तो विशेष जवळचा वाटतो.

सरकारदरबारी या साऱ्याची दखल उशिरा घेतली गेली. २०१६ मध्ये एका कर न्यायालयाने बर्गहाइनमधील कार्यक्रमांना मैफिलींप्रमाणे १९ ऐवजी ७ टक्के कर लागू करावा, असा निर्णय दिला. मे २०२१ मध्ये जर्मन संसदेने ठराव केला की, क्लबांची गणना जुगाराची यंत्रे असलेल्या दालनांबरोबर न करता नाट्यगृहे व संग्रहालयांबरोबर करावी. मार्च २०२४ मध्ये बर्लिनची टेक्नो संस्कृती जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. मला याचा अतिशय आनंद झाला होता.

तरीही नुसत्या सन्मानावर भाडे भरता येत नाही. प्रेन्झलाउअर बेर्गमधला ‘क्नाक’ हा क्लब १९५२ पासून चालू होता. शेजारी नवी निवासी इमारत उभी राहिली, रहिवाशांनी आवाजाविरुद्ध दाद मागितली आणि २०१०च्या अखेरीस क्लबला टाळे लागले. आधीपासून चालू असलेल्या क्लबशेजारी जो बांधकाम करतो, त्यानेच ध्वनिरोधक भिंती आणि खिडक्यांचा खर्च उचलावा, ही क्लबचालकांची मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते. शेजाऱ्यांच्या झोपेचा हक्क मी नाकारत नाही. त्या झोपेची सोय इमारत बांधतानाच व्हायला हवी, एवढेच माझे म्हणणे आहे. बर्लिनने जुन्या क्लबांच्या ध्वनिरोधनासाठी दहा लाख युरोंचा निधी उभारला, तो याच विचाराने.

श्प्रे नदीच्या काठावरचा, काचेतून पाण्यावरची पहाट दाखवणारा ‘वॉटरगेट’ हा क्लब २०२४च्या अखेरीस बंद झाला. वाढता खर्च हे त्यामागचे एक कारण होते. आता ए १०० या महामार्गाचे संकट आहे. ट्रेप्टोवर पार्कपर्यंतचा टप्पा २०२५ मध्ये खुला झाला आणि पुढचा नियोजित टप्पा ओस्टक्रॉइत्सच्या परिसरातून जातो, जिथे ‘अबाउट ब्लँक’ हा क्लब आणि त्याची झाडाखालची बाग आहे. या रस्त्याविरुद्ध मालमोटारींवर ध्वनिवर्धक चढवून नाचत निघणारे मोर्चे निघतात. त्यांत मी सहभागी होतो, आणि बर्लिनमध्ये राहणाऱ्या मराठी मित्रांनीही पुढच्या मोर्च्याला यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.