वाळत घालायची दोरी

इमारत पुनर्विकासाला गेली म्हणून वाशीचं घर रिकामं केलं. सामान हलवणारी पोरं आली आणि चाळीस वर्षांचा संसार, चिकटपट्ट्या फराफरा ओढत, तीन तासांत खोक्यांत कोंबून मोकळी झाली. शेवटी बाल्कनीत एकच वस्तू उरली, कपडे वाळत घालायची दोरी. एक पोरगा कटर घेऊन पुढे झाला. "काका, कापू?" मी "नको" इतक्या जोरात म्हणालो की तो दोन पावलं मागे गेला.

दोरी तरी काय, अर्धी निळी, नायलॉनची, करंगळीएवढी जाड. अर्धी पांढरी, तिच्या निम्म्याने बारीक. मधोमध अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मारलेली गाठ. अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली. एवढ्या काळात तिच्यावर ओल्या चादरी आल्या, पडदे आले, पावसाळ्यात आठ-आठ दिवस न वाळणाऱ्या जीन्स आल्या. गाठ तसूभर हलली नव्हती.

अण्णांचं आयुष्य सांगायचं तर पंचाईत अशी की, त्यातलं निम्मं त्यांनीच सांगितलेलं आहे. जन्म हर्णैचा. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर मासळीचा लिलाव, आणि शाळा बुडवून जाळी शिवणाऱ्या म्हाताऱ्यांत बसलेला हा मुलगा. पुढे मुंबईला पळून येऊन ते मालवाहू बोटीवर खलाशी झाले. १९६७ च्या अरब-इस्रायल लढाईत सुएझ कालवा बंद पडला तो थेट १९७५ साली उघडला. त्या दिवसांत युरोपला जायचं म्हणजे सगळ्या आफ्रिकेला वळसा. अण्णांनी तो वळसा चार वेळा घातला. केपच्या टोकाशी आलेली लाट मी पहिलीत असताना दोन मजली होती, दहावीत पाच मजली झाली, आणि माझ्या लग्नात व्याह्यांना सांगताना तिने गच्ची ओलांडली. आम्ही भावंडं एकमेकांकडे बघत गप्प बसायचो.

'साहसी आयुष्य' वगैरे शब्द आईसमोर काढायची सोय नाही. "साहस कसलं? ते तिकडे लाटा मोजत होते, मी इकडे रॉकेलच्या रांगेत." लग्नानंतर तिनेच त्यांना समुद्रावरून उतरवलं. मग एका चुलत्याच्या वशिल्याने गिरणी. साचाखात्यात, म्हणजे मागांच्या त्या कानठळ्या बसवणाऱ्या खडखडाटात, ते नऊ वर्षं होते. घरी आले तरी ओरडूनच बोलायचे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात अण्णा एक. संप मिटायची वाट त्यांनी वर्षभर पाहिली. नंतर कर्ज काढून जुना टेम्पो घेतला. कांदा-बटाटा मार्केट मुंबईतून वाशीला हललं होतं, भाडी मिळत होती. पुढची वीस वर्षं खाडीपुलावरून कांदा वाहिला. (मधे सहा महिने कोंबड्याही पाळल्या. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही.)

मला वाटायचं, या माणसाने दर काही वर्षांनी मागचं सगळं पाण्यात सोडून नव्याने सुरुवात केली. एकदा तसं बोललोही. रविवार होता, ते बाल्कनीत दोरी बांधत होते. जुनी तुटली होती म्हणून टेम्पोवरची ताडपत्री आवळायच्या दोरीचा तुकडा तिला जोडत होते. म्हणाले, "नव्याने कुठे? हे बघ."

जाड दोरीचं टोक त्यांनी दुमडलं. बारीक दोरी त्या दुमडीतून वर काढली, दोन्ही पदरांच्या मागून फिरवली आणि स्वतःच्याच खाली खोचली. ओढली. झालं. "ही जाळ्याची गाठ. जाळ्याचा डोळा न् डोळा हिनेच बांधतात. बोटीवर गेलो तर बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, हीच शिकवायला लागला, जाड दोर बारकीला जोडायची म्हणून. मी म्हटलं, ही मला येते. गिरणीत सुताची तार तुटली की मुकादम म्हणायचा विणकरी गाठ मार. ती पण हीच." मग दोरीचं दुसरं टोक ग्रिलमधून घेऊन तिच्याच अंगाला तसंच खोचलं, तर फास तयार झाला. "आणि ही बोट धक्क्याला बांधायची. नीट बघ, तीच आहे."

लाटांच्या बाबतीत अण्णांवर भरवसा नव्हता, म्हणून मी नंतर खात्री करून घेतली. खरं होतं. चारही ठिकाणी दोरीची चाल एकच.

आपल्याकडे दोन गाठी, सुरगाठ आणि निरगाठ. एक ओढताच सुटते, दुसरी नखं तुटली तरी सुटत नाही. अण्णांची या दोन्हींत बसत नाही. भार असला की घट्ट धरते, भार उतरला की मागच्या वळशाला अंगठा लावायचा, मान टाकते. इतकं शहाणपण बोटांत असलेला हा गृहस्थ पायजम्याच्या नाडीला मात्र रोज निरगाठ मारायचा आणि सोडवायला आईला हाक मारायचा.

मला त्यांनी ती तीनदा शिकवली. तिन्ही वेळा आली आणि तिन्ही वेळा विसरलो. विचारू की पुन्हा, माणूस घरातच आहे, असं वाटायचं.

तर त्या दिवशी ग्रिलवरच्या गाठीला अंगठा लावला. सुटली. मधली मी सोडवणार नव्हतो, पण गुंडाळताना दोरी सैल पडली आणि ती आपोआपच उलगडली. हातात दोन तुकडे.

कोपरखैरण्याच्या भाड्याच्या घरात मी अर्धा तास त्या तुकड्यांशी झटलो. मोबाइलवर व्हिडिओ लावला, त्यातला माणूस डावखुरा निघाला. शेवटी जमेल तशी गाठ मारून दोरी ताणली आणि आईचं नऊवारी वर टाकलं. मिनिटभराने ते खालच्यांच्या कुंड्यांवर होतं.

आई आतून आली. सत्त्याहत्तर वर्षांची, चष्मा खोक्यात कुठेतरी हरवलेला. माझ्या हातातून तिने दोन्ही टोकं घेतली, एक दुमडलं, दुसरं फिरवलं, खोचलं, ओढलं. बघत होती ती खाली, लुगडं कुणी उचलतंय का ते.

"तुला कधी शिकवली त्यांनी?"

"मला कोण शिकवतंय?" ती म्हणाली. "जा, लुगडं घेऊन ये. आणि येताना चिमटे आण."