साडेआठवर अडकलेली टाकी

"सर, तीन दिवस झाले बघा, साडेआठ ब्रिक्सच्या खाली येईना." फोन अथणीच्या पूर्वेकडच्या एका छोट्या वायनरीतून होता. तीन टन शिराझ द्राक्षं, आंबवण्याचा दहावा दिवस. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचा आकडा. आंबणं मध्येच थांबलं की टाकीत साखर उरते आणि उरलेल्या साखरेवर नको ते जंतू पोसतात. म्हणून असा फोन आला की त्याच दिवशी जावं लागतं.

चिक्कोडीकडून कृष्णा ओलांडली की थोडं अंतर ऊस सोबत असतो. अथणी मागं पडली की रान कोरडं होत जातं आणि वाय आकाराच्या मांडवावरच्या द्राक्षबागा, बेदाण्याच्या शेडा दिसू लागतात. गाव शांत. वायनरी म्हणजे एक पत्र्याची शेड, आत स्टीलच्या पाच टाक्या, एक चिलर, एक प्रेस आणि कोपऱ्यात प्रयोगशाळा म्हणायची खोली.

आधी नोंदवही मागितली. वही चांगली ठेवलेली होती, दर चार तासांनी आकडा, खाली सही. सुरुवात २४ ब्रिक्स, पीएच ३.७. यीस्ट १०० लिटरला २५ ग्रॅम, दहापट पाण्यात ३८ अंशांवर वीस मिनिटं फुलवून, मग थोडा थोडा रस घालत टाकीच्या तापमानाजवळ आणून सोडलेलं. तापमान २५ ते २७. दिवसातून दोनदा खालचा रस पंपानं वर आणून सालींच्या थरावर सोडलेला. यीस्टला नायट्रोजन देणारं डीएपी वेळेवर. या पोरांनी काही चुकवलं नव्हतं, आणि खटकलं ते हेच. टाकी अडकायला कारण लागतं: यीस्टला थंडीचा झटका, टाकी ३३ अंशांच्या वर जाणं, रसात यीस्टला मिळणारा नायट्रोजन लिटरला १५० मिलिग्रॅमच्या खाली असणं, नाहीतर साखर फार जास्त. इथं यातलं एकही नव्हतं.

टाकीवर चढून पाहिलं तर साली खाली बसलेल्या. आंबणं जोरात असतं तेव्हा कार्बन डायऑक्साइड सालींना वर उचलून धरतो. त्या बुडाल्या म्हणजे वायू थांबला. वर चिलटं घोंगावत होती आणि नेलपॉलिशसारखा एक बारीक वास येत होता.

"मोजता कशानं?" पोरानं खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला. बागेत मणी चिरडून थेंब लावतात तोच. काचेवर वाइनचा थेंब लावला, डोळ्याला लावून माझ्या हातात दिला. "नोडरी (बघा) सर, साडेआठ." साडेआठच होतं.

इथं थोडं थांबून सांगायला हवं. रिफ्रॅक्टोमीटर साखर मोजत नाही, तो प्रकाश किती वळतो ते मोजतो. द्राक्षाच्या रसात प्रकाश वळवणारी मुख्य गोष्ट साखर, म्हणून बागेत तो बरोबर. पण अल्कोहोलही प्रकाश पाण्यापेक्षा जास्त वळवतं. २४ ब्रिक्सचा रस पूर्ण आंबून कोरडा झाला, एक चमचा साखर उरली नाही, तरी हे यंत्र आठ-साडेआठच दाखवतं. त्याच्या खाली ते जाणारच नाही. हायड्रोमीटरचं, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या काचेच्या नळीचं, उलटं: साखरेनं द्रव जड होतो, अल्कोहोलनं पाण्याहून हलका, म्हणून कोरड्या वाइनला तो शून्याच्या खाली जातो.

हायड्रोमीटर कपाटात होता, उणे ५ ते अधिक ५ चा, थर्मोकोलच्या डब्यात, डब्याची चिकटपट्टीसुद्धा न फाडलेला. नमुना गाळला. दोन भांड्यांत दहा-बारा वेळा वरखाली ओतून त्यातला वायू काढला, नाहीतर बुडबुडे काचेला चिकटून नळी वर उचलतात आणि आकडा खोटा येतो. २० अंशांवर आणला. उभ्या मोजपात्रात सोडून नळीला हलकी गिरकी दिली आणि डोळा पातळीला आणून वाचलं: उणे दीड.

खात्रीसाठी फेहलिंग, म्हणजे उरलेली साखर मोजायची चाचणी. रंग आड येतो म्हणून वाइन कोळशातून गाळून घेतली. अ आणि ब द्रावण पाच-पाच मिलिलिटर, उकळतं ठेवून वरून ब्युरेटनं वाइन. या दहा मिलिलिटरचा निळा रंग घालवायला ५० मिलिग्रॅम साखर लागते. २५ मिलिलिटर वाइन गेली तरी निळं ते निळंच. म्हणजे लिटरला दोन ग्रॅमसुद्धा साखर नाही. टाकी सातव्या दिवशीच पूर्ण झाली होती.

आणि त्या तीन दिवसांत तिला "सोडवायला" काय काय केलं होतं? चिलर बंद करून तापमान ३० वर नेलं. झाकण उघडून रोज ढवळलं. डीएपीचा आणखी एक डोस दिला. अल्कोहोल नऊ-दहा टक्क्यांपुढं गेलं की यीस्ट तो नायट्रोजन घेऊ शकत नाही, तो बाकीच्या जंतूंना मिळतो. ऊब, हवा, खाद्य आणि ३.८ पीएच, व्हिनेगरच्या जंतूंना याहून काय हवं? पीएच वाढण्यात डॉगरिज खुंटाचाही (ज्यावर द्राक्षाचं कलम बांधतात) हात आहे. पाण्याचा ताण आणि क्षार सोसतो म्हणून तो या भागात लावतात, पण तो पोटॅशियम फार उचलतो.

रिफ्रॅक्टोमीटर दाखवत मालक म्हणाले, "अहो साहेब, बेदाण्याला आमचं सगळं ह्याच्यावरच चालतंय की." खरंच आहे. या पट्ट्यातल्या माणसाला बेदाण्याची द्राक्षं बुडवायच्या द्रावणाचं प्रमाण, लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलिलिटर डिपिंग ऑइल, झोपेत विचारा, सांगेल. ते पिढीनं शिकवलं. वाइनचं धोरण महाराष्ट्रात २००१ ला आलं, कर्नाटकात २००७ ला, पण टाकीजवळ रात्री जागणाऱ्या पोराला हायड्रोमीटर हातात धरून कुणी दाखवला नाही. यंत्रं विकणारा डबा ठेवून गेला. वहीतला रकाना नुसता "ब्रिक्स" म्हणतो, कशानं मोजलं ते विचारत नाही. माझा राग त्या रकान्यावर आहे, पोरावर नाही.

लगेच वाइन उतरवली. साली न दाबता आपोआप आलेली १५०० लिटर वेगळ्या टाकीत काठोकाठ, वर हवेला जागा न ठेवता. प्रेसची वाइन एक बारच्या आतल्या दाबानं, आणि तीही वेगळी. मग आधी आम्ल: लिटरला दीड ग्रॅम टार्टारिक, म्हणजे सव्वादोन किलो. पीएच ३.६५ वर आला. केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, जंतू दाबणारा सल्फर डायऑक्साइड देणारी पूड) त्यानंतरच, कारण पीएच जितका खाली तितकं कमी केएमएस पुरतं. ३.८ ला मुक्त सल्फर डायऑक्साइड ७९ पीपीएम लागला असता, ३.६ ला ५० पुरतो. ६० पीपीएम धरून १५८ ग्रॅम केएमएस दिलं. (केएमएसमध्ये ५७ टक्केच सल्फर डायऑक्साइड असतो आणि गोळे झालेल्या जुन्या पाकिटात त्याहून कमी. पाकीट नवं फोडा.)

वाष्पशील आम्ल, म्हणजे मुख्यतः व्हिनेगरचं आम्ल, त्या संध्याकाळी लिटरला ०.६८ ग्रॅम भरलं. ०.७ च्या पुढं बहुतेकांच्या नाकाला कळतं.

केएमएस देताना हात थांबला होता. द्राक्षातल्या मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल व्हायचं बाकी होतं, आणि ६० पीपीएममध्ये ते काम करणारे चांगले जंतूही दबतात. पण ते होईपर्यंत थांबायचं तर टाकी आणखी दोन-तीन आठवडे उघड्या जखमेसारखी राहिली असती. मी व्हिनेगर थांबवणं निवडलं. दोन आठवड्यांनी वाष्पशील आम्ल ०.७० वर थांबलेलं होतं, आणि क्रोमॅटोग्राफीच्या कागदावर मॅलिकचा पिवळा ठिपका जसाच्या तसा. म्हणजे आता बाटलीत भरताना ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर लागणार, नाहीतर मॅलिकवर जगणारे ते जंतू बाटलीत जागे होतील. त्या वायनरीत तो फिल्टर नाही. भाड्यानं आणायचा की पीएच आणखी खाली आणून केएमएसच्या जोरावर भरायचं, यावर मालकांशी अजून बोलणं चालू आहे.