एकाच अक्षराचा फरक

गडचिरोली जिल्ह्यात मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या चाचण्या रोजच्याच, पण पावसाळ्यातला तो मंगळवार डोक्यातून जात नाही.

अकरा वर्षांचा मुलगा वॉर्डात हाडं ठणकत असल्यानं कण्हत होता. त्याचा रिपोर्ट एसएस, म्हणजे सिकलसेलचा आजार. आई माझ्या दाराशी उभी. "माझ्याच रक्तानं पोराला खाल्लं म्हणते सासू. खरं सांगा ताई."

मी नवऱ्यालाही बोलावलं. दोघांचं बोट टोचलं, सोल्युबिलिटी या झटपट चाचणीच्या नळ्यांत रक्त टाकलं, पाच मिनिटांनी रेघांच्या कागदासमोर धरल्या. दोन्ही गढूळ, मागची एकही रेघ दिसेना; म्हणजे दोघांच्याही रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन. नवरा आपल्या नळीकडे बघतच राहिला. दुपारी इलेक्ट्रोफोरेसिसच्या, म्हणजे विजेनं हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचणीच्या पट्टीवर दोघांचेही ए (नेहमीचं) आणि एस (सिकलचं) असे दोन पट्टे उमटले.

समजावताना 'ध चा मा' कामी आलं. एक अक्षर फिरलं, 'धरावे'चं 'मारावे' झालं आणि 1773 साली नारायणराव पेशवे गेले, असं सांगतात. शरीरातही हुकूम लेखीच निघतो. डीएनए हे मूळ दप्तर, ते केंद्रकातून हलत नाही. बाहेर येते त्याची नक्कल, आरएनए. रायबोसोम हा पेशीतला प्रथिनांचा कारखाना ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि दर तिकडीला एक अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा एक मणी, ओवतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत अशी 146 असतात. सहाव्या जागी मूळ दप्तरात जीएजीऐवजी जीटीजी असलं की ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. तेवढ्यानं, ऑक्सिजन सुटताच हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोर वळतात, लालपेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते.

"गोष्टीत अक्षर कुणीतरी मुद्दाम बदललं," मी म्हटलं, "इथं दप्तरातच ते तसं आहे. पेशी बिचारी इमानानं नक्कल करते. प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. तुम्हा दोघांची एकेक प्रत चांगली आहे, म्हणून तुम्ही धडधाकट. पोराला दोघांकडूनही दुसरीच मिळाली."

"म्हणजे माझ्याकडूनबी आलं," नवरा हळू म्हणाला. बाईनं पदर तोंडाला लावला. मग तोच म्हणाला, "हे घरी येऊन मायला सांगाल का जी?"

शनिवारी रेघांचा कागद आणि सामान घेऊन गेले. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, सुनेकडे एकदा पाहिलं आणि स्वतःचं बोट पुढं केलं.