टिरेट्टा बाजारची नोंदवही: फिशबॉल जमले, चहाचा माग लागला

कोलकात्याच्या टिरेट्टा बाजारात, म्हणजे तिथल्या जुन्या चिनी वस्तीत, रविवारी पहाटे जाऊन मोमो खाऊन परतणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा कुठला पदार्थ कुणाच्या घरचा, एवढं विचारा. मी सध्या तेवढं एकच करतोय आणि त्यातूनच ही वस्ती हळूहळू कळायला लागली आहे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. सेंट्रल मेट्रो स्थानकापासून चालत पोद्दार कोर्ट या इमारतीच्या मागच्या बाजूला यायचं. सन यात-सेन स्ट्रीटच्या तोंडाशी उजाडायच्या सुमारास वाफेची भांडी लागतात आणि आठ-साडेआठला सगळं आवरतं. बाजाराला नाव एडवर्ड टिरेट्टा या अठराव्या शतकातल्या इटालियन माणसाचं. चिनी लोक इथे आले ते आपापल्या गावकीनं आणि धंद्यानं. कँटनीज लोक मुख्यतः सुतारकाम करणारे, जहाजांवर आणि गोदीत राबणारे. हक्का लोक चामड्याचे आणि बुटांचे; बेंटिंक स्ट्रीटवरची चिनी बुटांची दुकानं त्यांचीच. हुबेई प्रांतातले लोक दात बसवणारे. 'चायनाटाउन' म्हणून सगळ्यांना एका टोपलीत टाकलं की हे काही दिसत नाही.

ताटातही हाच फरक आहे. सिउमाई (डुकराचं मांस आणि कोळंबी भरलेली वाफवलेली पुडी), सारण भरलेले वाफवलेले पाव म्हणजे बाओ, गोडसर लाप चाँग सॉसेज ही कँटनीज बाजू. टोफूच्या पोटात खिमा भरून शिजवणं, खारवलेल्या मोहरीच्या पाल्यात डुकराचं मांस तासन्‌तास मुरवणं ही हक्का बाजू. मोमो तर तिबेटी. तो इथे छान मिळतो, पण त्यासाठी इतक्या पहाटे उठायची गरज नाही. आता बऱ्याच भांड्यांमागे बिगर-चिनी विक्रेते असतात. त्यांचाही माल चांगला असतो, मात्र एखादी म्हातारी आंटी केळीच्या नाही तर बांबूच्या पानात बांधलेला चिकट भात घेऊन बसलेली दिसली, तर आधी तिच्याकडे जा. तिचा माल लवकर संपतो.

आता प्रगतीचं. फिशबॉल जमले! सूपमधला तो पांढराशुभ्र, दाताखाली करकरीत उसळणारा गोळा घरी व्हावा ही किती दिवसांची इच्छा होती. एका आंटींनी हिंदीत सांगितलं, "मासा कापायचा नाही बेटा, खरवडायचा." तुकडीवर चमचा काट्याच्या दिशेनं ओढत मऊ मांस तेवढं काढून घ्यायचं, शिरा आणि कातडी मागे राहते. मग मीठ आणि बर्फाचं पाणी घालून एकाच दिशेनं घोटायचं. मिठामुळे माशातली प्रथिनं सुटतात आणि लगदा चिकट होतो. त्यानंतर तो मुठीनं उचलून पातेल्यात जोरात आपटत राहायचा. आधी 'थप' असा ओला आवाज येतो, पुढे पुढे तो टणक होतो आणि लगद्यावर चकाकी येते. ती चकाकी हीच खूण, घड्याळ बघू नका. मग मूठ आवळायची, अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा वर येतो, तो चमच्यानं खुडून थंड पाण्यात सोडायचा. सगळे झाले की पाणी मंद तापवायचं, खळखळू द्यायचं नाही. गोळे वर तरंगले की झाले.

मी सुरमई वापरली. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर आणि सिंगापूरकडेही फिशबॉलसाठी सुरमई चालते, त्यामुळे मुंबई-रत्नागिरीच्या मंडळींना माशासाठी अडून बसायचं कारण नाही. मासा थंड मात्र हवा. हाताची ऊब लागली की लगदा सैल पडतो.

आणि चहा. रस्त्यावर या न्याहारीबरोबर मिळतो तो भांडातला, म्हणजे मातीच्या कुल्हडातला, दुधाचा चहा. चिनी चहा शोधायचा तर देवळात जावं लागतं. 1905 सालचं सी इप मंदिर इथल्या कँटनीजांमधल्या 'चार तालुक्यां'च्या लोकांचं आहे; 'सी इप'चा अर्थच तो. चिनी देवळांच्या रीतीप्रमाणे देवापुढे छोट्या पेल्यांत कोरा चहा ठेवतात. माझगावातल्या नवाब टँक रोडचं 'सी यप कून' पाहिलेल्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. त्याच चार तालुक्यांची ती मुंबईची शाखा, तीही गोदीच्या शेजारी. पायऱ्या चढून आत गेलात तर चपला, फोन आणि आवाज, तिन्ही सांभाळा. ही लोकांची नित्यपूजेची जागा आहे.

चहाचा खरा माग मात्र या गल्ल्यांतून बाहेर जातो. 1834 मध्ये कंपनी सरकारनं चहा समिती नेमली आणि तिचे सचिव गॉर्डन यांना बियाणं आणि कारागीर आणायला चीनला धाडलं. ते बियाणं कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात रुजवलं गेलं, तिथून आसामात आणि कुमाऊंत गेलं. कुमाऊंतल्या बियाण्यापासून 1841 मध्ये तिथले अधीक्षक डॉ. कँपबेल यांनी दार्जिलिंगला रोपं लावली. चिनी माणसंही आसामच्या मळ्यांवर नेली गेली, त्यात कलकत्त्यातून भरती केलेलेही होते. त्यांचे वंशज आसामातल्या माकुम गावी रुजले, आसामी बोलू लागले. आणि 1962 च्या भारत-चीन युद्धाच्या सुमारास त्यांना घरांतून उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं. देशभरातले सुमारे 3000 चिनी वंशाचे लोक तिथे होते, काही जण वर्षानुवर्षं. टिरेट्टा बाजार आणि टांग्रा ही कोलकात्यातली दुसरी चिनी वस्ती रिकामे होत गेले त्यामागे हे मोठं कारण आहे. ज्यांच्या हातांनी इथला चहा उभा राहिला त्यांच्याशी असं वागलं गेलं, हे मला प्रत्येक कपाला आठवतं आणि आठवलंच पाहिजे असं वाटतं.

म्हणून सध्या घरी न्याहारीबरोबर दोन चहा आलटून पालटून पितो. एक प्वार, म्हणजे युन्नानचा आंबवून मुरवलेला काळपट चहा, दुसरा दार्जिलिंगच्या जुन्या चिनी जातीच्या झुडपांचा सेकंड फ्लश, म्हणजे उन्हाळ्यातली दुसरी खुडणी. झाकणाच्या पेल्यात पाच ग्रॅम पत्ती, साधारण 100 मिली पाणी, पहिला काढा अर्ध्या मिनिटाच्या आत ओतून घ्यायचा. लाप चाँगच्या चरबीला प्वारच लागतो; त्याचा मातकट काळेपणा जीभ साफ करतो. सिउमाईपुढे मात्र तो जड होतो. तिथे दार्जिलिंग वरचढ, मस्कतेल द्राक्षासारखा वास कोळंबीच्या गोडीला उठाव देतो. फिशबॉलच्या सूपबरोबर मी चहा घेणं बंद केलंय. सूप स्वतःच पेय आहे.

टांग्रा या खेपेला वरवर. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चामड्याचे कारखाने हलवायला सांगितले, ते शहराबाहेर बानतल्याला गेले, आणि कारखान्यांच्या जागी कितीतरी हॉटेलं उभी राहिली. तिथलं तिखट, सोया सॉसमध्ये परतलेलं खाणं म्हणजे आपल्या 'चायनीज'चं माहेर. मंचुरियन मुंबईत जन्माला घालणारे नेल्सन वाँग कोलकात्याचेच. तिथल्या चिनी काली मंदिरात नूडल्सचा प्रसाद मिळतो, पण त्यावर सविस्तर लिहायचं तर तिथल्या लोकांशी अजून बोलायला हवं.

पुढचं काम अचिपूर. बजबजच्या पुढे हुगळीकाठी, बंगालमधले पहिले चिनी रहिवासी मानले जाणारे तोंग अचू यांची लाल, नालाच्या आकाराची कबर आहे. वॉरन हेस्टिंग्जकडून जमीन घेऊन अठराव्या शतकात त्यांनी तिथे साखर कारखाना काढला होता. चिनी नववर्षाच्या दिवसांत कोलकात्यातली कुटुंबं खाण्याचे डबे घेऊन तिथे जातात. त्या डब्यांत काय असतं आणि कबरीपुढे कुठला चहा ठेवतात, हे बघायचंय. कुणाला यायचं असेल तर नववर्षाची तारीख पाहून सुट्टी टाकून ठेवा.