थंड इंजिन आणि तडकलेला पाईप

आजचा दिवस जुन्या गाडीच्या बॉनेटखाली गेला आणि फार समाधान वाटलं. सकाळच्या पहिल्या स्टार्टला बराच वेळ सेल्फ मारावा लागायचा, सुरू झाली तरी आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) थरथरायची. अशा वेळी सगळे आधी प्लग बदलायला सांगतात. मी प्लग काढून नीट बघितले, तर टोकं पांढरट. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी.

मग हवा शिरते कुठून? इंजिन तापायच्या आधीच इनटेक मॅनिफोल्डभोवती (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांभोवती) कार्ब क्लीनरचा हलका फवारा मारत गेलो. एका व्हॅक्यूम पाईपपाशी फवारा आत ओढला गेला आणि आरपीएम (इंजिनचा वेग) एकदम चढला. पाईप वरून धडधाकट, वाकवल्यावर मात्र खालच्या बाजूला केसाएवढी चीर! पाईप बदलला आणि आयडल शांत झालं.

स्टार्टिंगचं दुखणं वेगळंच निघालं. कूलंट टेम्परेचर सेन्सरला मल्टिमीटर लावला. 20 अंशांच्या आसपास बहुतेक सेन्सर 2 ते 3 किलोओहम दाखवतात, इथे थंड इंजिनलाही जेमतेम 300 ओहम. या सेन्सरचे ओहम कमी म्हणजे इंजिन गरम. मग ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, इंजिन गरमच वाटणार, थंड स्टार्टला लागणारं जादा पेट्रोल तो देणार कसा? एकाच गाडीत दोन दोष असले की नुसत्या अंदाजाने पार्ट बदलणाऱ्याचे पैसे हकनाक जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नवा सेन्सर मागवलाय. तोवर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) साफ करून घेतो.